फितीखालचे आकडे

त्या शनिवारी बुर्डवालच्या क्रीडागृहासमोर सायकल लावायला जागा उरली नव्हती. बायकांची रांग पार्किंगमधून निघून थेट बेकरीच्या दारापर्यंत गेली होती. रांगेच्या तोंडाशी एक पांढरी बस, बसवर माणसाच्या उंचीची गुलाबी फीत रंगवलेली आणि दाराशी पितळेची घंटा. दर दहा मिनिटांनी घंटा वाजायची, एक बाई डोळे पुसत पायऱ्या उतरायची आणि सगळी रांग टाळ्या वाजवायची. ‘हिरवी, हिरवी’ असा निरोप रांगेतून मागे सरकत जायचा आणि बेकरीवाला तेवढ्यात आणखी चार गोड पाव विकून घ्यायचा.

याच बायका गेल्या शनिवारी लाल निघाल्या होत्या. बसमधल्या कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की पडद्यावर छातीचं रंगीत चित्र उमटायचं. हिरवं म्हणजे सुखरूप, लाल म्हणजे कॅन्सर दबा धरून बसलेला. लाल निघालेल्या बाईने एक गुलाबी रबरी कडं विकत घ्यायचं, सात दिवस मनगटात घालायचं, मनात उबदार विचार आणायचे आणि पुढच्या शनिवारी परत यायचं. परत आलेली प्रत्येकजण हिरवी होत होती. औषध नाही, सुई नाही, इस्पितळाचं तोंड बघणं नाही. असा चमत्कार नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या आमच्या फ्रीसलंडात याआधी कोणी पाहिला नव्हता.

चमत्काराचे मालक व्हॅलेन्टाइन रूसेबोम नावाचे गृहस्थ होते. माणूस हॉलंडकडचा, गळ्यात गुलाबी मफलर, आवाज लोण्यात तळलेला. ‘गुलाबी उजेड’ नावाच्या संस्थेची जनजागृती मोहीम घेऊन ते गावोगाव फिरत होते आणि बुर्डवालच्या वाट्याला त्यांनी चार शनिवार दिले होते.

“सख्यांनो,” ते बसच्या पायरीवरून सांगत होते, “शरीर बोलत असतं. आपण त्याची भाषा विसरलोय. माझा कॅमेरा तुमच्या पेशींची भीती बघतो आणि हे कडं ती भीती पिऊन टाकतं. तुमचा प्रत्येक युरो म्हणजे एका बहिणीचा श्वास.”

पेशींना भीती वाटते ही गोष्ट बुर्डवालला तोवर ठाऊक नव्हती, पण एकदा कळल्यावर सगळ्यांनी ती मुकाट्याने मान्य केली.

आता कोणी म्हणेल, माणसं इतकी कशी फसतात. तर त्याला कारण ती जागा. दर दोन वर्षांनी सरकारची छाती तपासायची बस याच पार्किंगमध्ये, याच झाडाखाली उभी राहते. तिच्यात छाती दोन पाट्यांमध्ये अशी दाबतात की बायका पुढचा आठवडाभर त्या यंत्राला शिव्या घालतात. पण जातात सगळ्याजणी. त्यामुळे त्या झाडाखाली पांढरी बस दिसली की ती ‘आपली बस’ असं गावाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गावसभेचा अध्यक्ष चालिंग यानेही गावपत्रिकेत ‘बस आली आहे’ एवढंच छापलं. सरकारी बसच्या आधी घरी पत्र येतं, ते या वेळी कोणालाच आलं नव्हतं. पण न आलेलं पत्र कोणाच्या लक्षात येणार?

आके पहिल्या शनिवारी मुलाकडे ग्रोनिंगनला गेली होती, म्हणून तिचं लाल व्हायचं राहिलं. चौतीस वर्षं गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. रांगेतल्या निम्म्या बायकांचे पाढे तिनेच घटवून घेतले होते. आज ती रांगेत उभी होती ती शेजारीण यिल्डाउसाठी. यिल्डाउला जुलैत डाव्या काखेजवळ वाटाण्याएवढी गाठ लागली होती. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती, फक्त कुंपणावरून आकेला सांगितली होती. डॉक्टरकडे जा, असं आकेने दहा वेळा तरी बजावलं असेल. पण बस यायचीच आहे, तेव्हा बघू, असं म्हणून यिल्डाउने ऑगस्ट काढला, आणि गेल्या शनिवारी ती या बसमध्ये लाल निघाली.

दोघी मिळून आत गेल्या. यिल्डाउ कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि पडद्यावर तिची काख तळ्यातल्या शेवाळासारखी हिरवीगार उमटली. रूसेबोमांनी दोन्ही हात आकाशाकडे नेले. यिल्डाउ ओक्साबोक्शी रडायला लागली आणि आकेने तिला जवळ घेतलं. जवळ घेतलं खरं, पण आकेचे डोळे पडद्यावर होते. हे चित्र तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

गावच्या ऊर्जा मंडळाचा एक उष्णता-कॅमेरा आकेकडेच असतो. थंडी पडली की तो घेऊन ती घरोघर जाते आणि कोणत्या खिडकीच्या कोणत्या फटीतून घरातली ऊब पळते ते दाखवते. असेच रंग, असंच चित्र. फरक एवढाच की तिच्या कॅमेऱ्यात चित्राच्या कडेला एक उभी रंगपट्टी असते आणि तिच्या वर-खाली दोन आकडे असतात: लाल म्हणजे किती अंश, निळा म्हणजे किती अंश. इथे नेमकं त्या जागी एक गुलाबी फीत चिकटवलेली होती.

“या फितीखाली आकडे असतील ना?” आकेने विचारलं. “लाल म्हणजे किती अंश?”

रूसेबोमांनी तिच्याकडे आजारी मांजराकडे बघावं तसं बघितलं. “ताई, आकडे मनाला गारठवतात. आपण इथे ऊब शोधायला आलोय.”

बाहेर घंटा वाजली. पुढची बाई आत आली.

घरी जाताना आकेने विषय काढला. तसाच कॅमेरा माझ्याकडेही आहे, तुझ्या न्हाणीघराची खिडकी मी त्यानेच तपासली होती, असं ती म्हणाली. यिल्डाउने सायकल थांबवली.

“मग माझी खिडकी बरी झाली असं समज.”

“गाठ आहे का अजून?”

यिल्डाउने मनगटावरचं कडं फिरवलं. “आहे. पण हिरवी आहे.”

यिल्डाउ बोलत राहिली आणि तिचा आवाज चढत गेला. “माझी आई याच रोगाने गेली. जुलैपासून मला झोप नव्हती. या माणसाने मला सात दिवसांत झोप दिली. ती काढून घ्यायचीय का तुला?” एवढं बोलून ती सायकलवर बसली आणि निघून गेली. चाळीस वर्षांच्या शेजारात दोघी कुंपणाशी भेटल्या नाहीत असा तो पहिला आठवडा होता. त्याच आठवड्यात सरकारी बसचं खरं पत्र आलं, आणि यिल्डाउने ते न उघडता रद्दीच्या निळ्या पिंपात टाकलं. तिचं तर झालंच होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी गावसभागृहात ‘गुलाबी उजेड’चा आभार-मेळावा होता. कॉफी, प्रत्येकी एक बिस्किट आणि रूसेबोमांचं भाषण. आके आदल्या दिवशी चालिंगकडे गेली आणि ऊर्जा मंडळाच्या कामाची पाच मिनिटं मागून आली. चालिंग कामाच्या गोष्टीला कधी नाही म्हणत नाही. तिने मंचावर एक घडीचा पडदा उभा केला, त्यामागे टेबलावर काहीतरी मांडलं, आपला कॅमेरा तिकडे वळवला आणि चित्र भिंतीवर मोठं करून दाखवलं. दोन गोल उमटले. उजवा निळा, डावा लालभडक.

“रूसेबोमसाहेब,” आके म्हणाली, “ही माझ्या ओळखीची. जरा लाजरी आहे, म्हणून पडद्यामागे ठेवलीय. काय वाटतं तुम्हाला?”

रूसेबोम पुढे आले. त्यांनी डोळे मिटले, मफलर छातीशी धरला, आणि सभागृहात कॉफीचे चमचेही थांबले.

“खूप भीती साठलीय,” ते हळूच म्हणाले. “डाव्या बाजूला. बरीच वर्षं कोणाचं तरी दुःख गिळलंय या सखीने. एका कड्याने भागणार नाही, दोन लागतील.”

आकेने पडदा बाजूला केला. टेबलावर चीजचे दोन गोल गड्डे होते. एक रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला, दुसरा साध्या फ्रीजमधून आत्ता काढलेला. आकेने डाव्या गड्ड्यावर तळहात ठेवला आणि तो चार अंशांवर आहे, गारेगार आहे, असं जाहीर केलं. दुःख गिळल्याचं चीजच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

लोकांना कळायला एक क्षण लागला आणि मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. त्या हशातच आकेने शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. हा कॅमेरा रोग बघत नाही, कातडीची ऊब बघतो. समोर जे काही असेल त्यातल्या सगळ्यात उबदार भागाला तो लाल रंग देतो, मग तो भाग बर्फाशेजारचं गार चीज का असेना. आणि रंग कुठून कुठे लावायचा हे बटणाने ठरवता येतं. ती स्वतः कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि चालिंगला बटण फिरवायला सांगितलं. आके लाल झाली. चालिंगने बटण उलटं फिरवलं, आके हिरवी झाली. पुन्हा लाल, पुन्हा हिरवी. सात दिवस लागले नाहीत की कडं लागलं नाही. मग ती सरळ भाषणासाठी मंचावर आणून ठेवलेल्या रूसेबोमांच्या यंत्रापाशी गेली आणि तिने नखाने फीत सोलून काढली. खाली दोन आकडे होते आणि शेजारी एक बटण. ते बटण बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

रूसेबोम म्हणाले की विज्ञानाला हृदय नसतं. मग म्हणाले की पोटात कळ येतेय. अर्ध्या तासाने झाडाखाली बस नव्हती. घंटा मात्र गडबडीत राहिली होती, ती पुढे चालिंगने पोलिसांच्या हवाली केली.

कथा इथे संपली असती तर आकेला फार बरं वाटलं असतं.

पुढच्याच आठवड्यात म्हातारा वोबे नेहमीसारखा मोहोरबंद डबा घेऊन दारोदार निघाला. बायको गेल्यापासून चौदा वर्षं तो कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी हे करतो. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी, ठरलेल्या गल्ल्या. या वर्षी दारं त्याच्या तोंडावर बंद झाली. तुम्ही सगळे एका माळेचे मणी, असं त्याला ऐकवलं. वरच्या साहेबांचे पगार भरायला आम्हीच का, इतकी वर्षं पैसे घेताय मग रोग गेला का नाही, असं काय काय विचारलं. विचारलं म्हणजे उत्तरासाठी कोणी थांबलं नाही. ज्यांनी सगळ्यात जोरात घंटा वाजवली होती त्याच आता सगळ्यात कडक झाल्या होत्या. कोणी डब्यात फाटकं गुलाबी कडं टाकलं. वोबेने ते आकेच्या टेबलावर आणून ठेवलं आणि तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

आके उठली ती तडक यिल्डाउच्या स्वयंपाकघरात गेली. यिल्डाउने दार उघडलं, कॉफी दिली, बिस्किटाचा डबा एकदाच पुढे केला आणि झाकण लावलं. मनगटावर कडं नव्हतं. सरकारी पत्राचं आकेने विचारलं तेव्हा ती हसली.

“टाकलं. ती बस, तो वोबे, ते इस्पितळ, सगळे चोर आहेत. तूच दाखवलंस ना? मी शिकले.”

सभागृहातला तो हशा तिला आता ऐकवेना, कारण ती दुपार तिला मनापासून आवडली होती. “माझं चुकलं,” ती म्हणाली. “लोक हसत होते त्याची मला मजा आली. तू पहिल्या रांगेत बसली होतीस, हे मी विसरले.”

“सगळं गाव चीजला हसलं. मी एकटीच होते जिला ते आपल्यालाच हसतायत असं वाटलं.” यिल्डाउने कप खाली ठेवला. “आता सांग, त्या सरकारी यंत्रावर फीत चिकटवलेली नसेल कशावरून?”

“असेलही. जाऊन बघ. शंका घेऊ नकोस असं मी म्हणतच नाही. पण घेतलीस तर विचारायला तरी जा. घरात बसून घेतलेली शंका आणि त्याचं ते कडं, दोन्ही सारखंच. दोन्हीने झोप येते. गाठ जात नाही.”

यिल्डाउ उठून सिंकपाशी गेली आणि आकेकडे पाठ करून कप धुवायला लागली. एकच कप ती बराच वेळ धूत होती. मग तिने विचारलं की निळं पिंप न्यायला गाडी कधी येते.

ऑक्टोबरात खरी बस आली, त्याच झाडाखाली. यिल्डाउ रद्दीतून काढलेलं पत्र हातात घेऊन आत गेली ती तपासणी द्यायला नाही, तपासणी घ्यायला. चित्र कोण बघतं? दोन डॉक्टर, एकमेकांना न विचारता, नर्सने सांगितलं. यंत्रावरचे आकडे दाखवा. नर्सने दाखवले, कशाचे ते समजावलं आणि एक तिलाही माहीत नव्हता, तर तसं सांगितलं. मग यिल्डाउने विचारलं की तुमचं चुकतं का.

“चुकतं की,” नर्स म्हणाली. “काही गाठी आमच्या चित्रात दिसतच नाहीत. आणि पुढच्या तपासणीला बोलावतो त्यातल्या बहुतेकींना काही निघत नाही, बिचाऱ्या उगाच घाबरतात. तुमच्या हाताला गाठ लागते का?”

लागते, यिल्डाउने सांगितलं.

“मग चित्र स्वच्छ आलं तरी आमच्यावर थांबू नका. उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरकडे जा. खरं तर बसची वाटच बघायला नको होती.”

बाहेर आके सायकल धरून उभी होती. यिल्डाउ दाबून दुखलेली छाती चोळत, यंत्राला नेहमीच्या शिव्या घालत उतरली. थोडं चालल्यावर म्हणाली, “बाई स्वतःच सांगते, माझं यंत्र चुकतं म्हणून.”

“मग?”

“मग तिचं पटलं. रूसेबोम कधी म्हणाला होता का, माझं चुकतं?”

डॉक्टरने त्याच आठवड्यात इस्पितळात पाठवलं. गाठ दोन सेंटीमीटरची होती आणि काखेतल्या एका ग्रंथीपर्यंत पोचली होती. शस्त्रक्रिया होईल, पुढे औषधं घ्यावी लागतील, बरं होण्याची आशा चांगली आहे, असं शल्यविशारदबाईंनी सांगितलं. कधीपासून लागत होती, असं त्यांनी विचारलं. जुलैपासून, यिल्डाउ म्हणाली. बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं आणि ते लिहून घेतलं.

जानेवारीत गावाची वार्षिक सभा भरली. बेकरीवाल्याने ठराव मांडला होता: यापुढे बुर्डवालमध्ये कोणत्याही रोगाच्या नावाने डबा फिरवायचा नाही. फसलेलं गाव पुन्हा फसायला नको, असं त्याचं म्हणणं होतं आणि सभागृहात माना डोलत होत्या. तेव्हा यिल्डाउ उठली. डोक्यावर विणलेली टोपी होती, कारण खाली केस नव्हते. ती आधी वोबेकडे वळली आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं की डब्यातला पैसा कुठे जातो. वोबेने खिशातून घडी घातलेला अहवाल काढला आणि चष्मा लावून वाचून दाखवला: संशोधनावर किती, पगारावर किती. जाहिरातींवर किती, हे बेकरीवाल्याने विचारलं. ते पान इथे नाही, वोबे म्हणाला, विचारून पुढच्या आठवड्यात सांगतो.

“बघा,” यिल्डाउ म्हणाली, “माहीत नाही असं म्हणाला. मला आता ते शब्द आवडायला लागलेत.” मग ती सभेकडे वळली. “मी दोनदा फसले. पहिल्यांदा न विचारता विश्वास ठेवला. दोन आठवडे गेले. दुसऱ्यांदा न विचारताच विश्वास काढून घेतला आणि म्हटलं, चला, आपण शहाणे झालो. त्यात जीव जायचा होता. पैसे द्यायचे तर विचारून द्या, नाही द्यायचे तर विचारून नका देऊ. पण विचारा. आणि उत्तर मिळालं की ऐका. माझ्याबरोबर घंटा वाजवलेल्या अकराजणी इथे बसल्यात. त्यातल्या सातजणी खऱ्या बसकडे फिरकल्या नाहीत. मला नावं माहीत आहेत, मी घेणार नाही.”

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बेकरीवाल्याने ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

सोमवारी सकाळी आठ वाजल्यापासून डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. सातांपैकी पाचजणींनी दुपारपर्यंत वेळ घेतली. उरलेल्या दोघींच्या घरी यिल्डाउ चालत गेली.